कुलपातली रताळी

ज्या माणसाने माझी पहिलीवहिली रताळी कुलपात घातली, त्याच्यावर माझा अजून राग आहे. राग काळाने ओसरतो म्हणतात. माझा ओसरायला आला होता, पण मागच्या महिन्यात त्या माणसाने फोनवर असं काही केलं की पुन्हा भडकला. म्हणून लिहायला बसले.

तो माझा घरमालक होता. कॅनडात सस्काटूनला आले तेव्हा त्याच्या बेसमेंटमध्ये मी तीन वर्षं काढली. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत होते. पहिल्या दिवशी सवयीने 'काका' म्हणाले, तर म्हणाला, "मी तुझा काका नाही. तुझ्या वडिलांना मी ओळखतही नाही. उगीच नाती कशाला लावायची?" त्यामुळे तीन वर्षं मी त्याला कोणत्याही नावाने हाक न मारता राहिले. जिन्याखाली उभी राहून "अहो, ऐकलं का?" म्हणायचे, एखाद्या जुन्या काळच्या बायकोसारखी. आता तो समोर नाही तर 'तो' म्हणते आहे. त्यात अपमान होत असेल तर होऊ दे.

वय पंच्याहत्तरच्या पुढचं, अंगाने काटकुळा, भुवया मात्र भरघोस. पोटॅशच्या खाणीत इंजिनियर होता. जगातल्या शेतांना लागणारं खत त्याने जमिनीखालून उपसून वर पाठवलं आणि रिटायर झाल्यावर स्वतःच्या परसात वाफे करून बसला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा दूर पश्चिम किनाऱ्यावर, बर्नाबीला. घरात आणि आवारात मिळून नऊ थर्मामीटर. फोनवरच्या हवामानावर त्याचा विश्वास नव्हता. दुसऱ्याच्या कोणत्याही सांगण्यावरच नव्हता म्हणा.

त्याच्या घरात 'छान' हा शब्द बंद होता. कोणी चहा पिऊन 'छान झालाय' म्हटलं की उलटतपासणी सुरू. "काय छान झालंय? आलं? साखर? की काहीतरी बोलायचं म्हणून बोललीस?" मराठी मंडळाच्या गणपतीत, ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला एका बाईंनी हौसेने एक्कावन्न उकडीचे मोदक करून आणले, तर ह्याने एक खाल्ला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पारी जाड आहे. सारण कोरडं. दहापैकी चार." त्या बाई वॉशरूममध्ये जाऊन रडल्या. पुढच्या वर्षीपासून त्याला बोलावणं येईना. मला तो हे अभिमानाने सांगायचा. "चार दिले तेसुद्धा गणपतीकडे बघून."

बर्फ पडला की माझ्या बाजूचा वॉकवे मी शोव्हल करायचा असं ठरलं होतं. मी हात गोठवून तासभर खपायचे. मग हा बाहेर यायचा, कडेकडेने बघत जायचा आणि जिथे चिमूटभर बर्फ राहिलं असेल तिथे फावड्याचं टोक टेकवून उभा राहायचा. बोलायचा नाही, फक्त उभा राहायचा. वाटायचं, ते फावडं काढून घ्यावं आणि... असो.

आणि कारण कधीच सांगायचा नाही. ह्याचा मला सगळ्यांत जास्त संताप यायचा. निकाल द्यायचा आणि मोकळा व्हायचा. का, म्हणून विचारलं की "मी सांगतोय म्हणून."

रविवारी मुलाचा फोन यायचा. हीटिंगच्या जाळीतून वरचं सगळं मला खाली ऐकू यायचं. मुलगा इंग्रजीत विचारायचा, "डॅड, हाऊ कोल्ड इज इट?" हा आकडा सांगायचा. मग हा विचारायचा, "तिकडे पाऊस?" मुलगा म्हणायचा, "येस." दोन मिनिटांत संपलं. तो मुलगा दहा वर्षांचा असताना शाळेत पियानो वाजवून स्टेजवरून खाली आला आणि त्याने विचारलं, "डॅड, वॉज आय गुड?" ह्याने सांगितलं, "तिसऱ्या ओळीत चुकलास." हीसुद्धा गोष्ट मला त्यानेच सांगितली. वर म्हणाला, "चुकला होता. मग काय सांगायचं?" मुलाने त्यानंतर पियानोला हात लावला नाही, हे मात्र त्याने दुसऱ्या कुठल्या तरी बोलण्यात सांगितलं. दोन्हींचा काही संबंध आहे असं त्याला वाटत नव्हतं.

माझं दुर्दैव असं, की मी आगीतून फुफाट्यात पडले होते. बार्शीला माझी आई होती. गणिताची शिक्षिका. अठ्ठ्याऐंशी टक्के मिळाले तेव्हा तिने विचारलं होतं, "उरलेले बारा कुठे सांडले?" माझ्या पोळ्या चामट, अक्षर गिचमिड, नवरा चुकीचा निवडला. नवऱ्याच्या बाबतीत तिचं बरोबर निघालं, त्याने तर आमचं बोलणंच संपलं. घटस्फोटाचे कागद हातात पडले त्या महिन्यात मी कॅनडाला अप्लाय केलं. लोकांना सांगताना करिअर वगैरे सांगते. खरं म्हणजे मला तिच्या तोंडून 'मी सांगितलं होतं' हे आयुष्यभर ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तीच आई जूनमध्ये तीन महिन्यांसाठी माझ्याकडे यायची ठरली. वडील गेल्यावर तिचा हा पहिलाच प्रवास. ती एकादशीला कडकडीत उपास करते, आणि इथल्या मोठ्या दुकानांत मिळणारी नारिंगी, पचपचीत रताळी तिने फोटोतच नापास केली होती. "हे गाजर आहे का रताळं?" मग मी डोक्यात घेतलं, की आपण लाल सालीचं, आतून पांढरं, आपल्याकडचं रताळं परसात लावायचं. आईने माझ्या हातचं पिकलेलं काहीतरी खावं आणि एकदा, निदान एकदा, 'बरं झालंय' म्हणावं. मला एवढंच हवं होतं. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी हे सांगायला लाज वाटते, पण हवं होतं.

मी बागेत कधी कोथिंबीरही लावली नव्हती. इंडियन ग्रोसरीतून लाल रताळी आणली, बटाट्यासारखे डोळे बघून फोडी केल्या आणि कुंडीत पुरल्या. आठवड्याने वास सुटला. घरमालक जिना उतरून आला, त्याने कुंडी उपडी केली.

"बटाटा आहे का हा?"

"मग कशी लावतात?"

"अशी नाही." आणि वर निघून गेला.

दोन दिवसांनी माझ्या दाराशी एक पसरट ट्रे होता. ओल्या मातीत अर्धं बुडवलेलं एक अख्खं रताळं, शेजारी थर्मामीटर. चिठ्ठी नाही, काही नाही. खिडकीतल्या उन्हात महिन्याभरात त्याला जांभळट कोंब फुटले. ते वीतभर झाले की खुडायचे, पाण्याच्या ग्लासात ठेवायचे आणि मुळं धरली की तेच लावायचे. रताळ्याचं बेणं म्हणजे वेलाचा तुकडा, हे मला व्हिडिओ बघून कळलं. त्याला तोंडाने सांगता आलं असतं.

मेमध्ये ऊन पडलं, मी रोपं घेऊन परसात निघाले. हा दारात आडवा. "माती बारा डिग्री आहे. जा आत." जूनचा पहिला आठवडा उलटेपर्यंत त्याने मला लावू दिलं नाही. मग एक दिवस कामावरून आले तर माती हातभर खोल भुसभुशीत करून, वरंबे घालून, वर काळं प्लॅस्टिक ताणून ठेवलेलं. माझ्या हौसेचा वाफा, आणि मला न विचारता. मी चिडले तर म्हणाला, "आता लाव." मी तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, पातळ ताक, सगळं प्रेमाने घालत होते. त्याने एकदा बघितलं आणि माझ्या हातातलं भांडंच काढून घेतलं. "पानं खायचीत का?" खतमातीने नुसता पाला माजतो आणि खाली रताळं धरत नाही, हे मी नंतर वाचलं. वेल पसरले की तो रोज सकाळी एकेक वेल उचलून परत ठेवायचा. पेरांना जागोजागी मुळं फुटू नयेत म्हणून. ते कारणही मला इंटरनेटनेच सांगितलं.

आई आली. पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांना जोखलं. तिने त्याचा चहा पिऊन सांगितलं, "पाणचट आहे." तो म्हणाला, "हो. दूध संपत आलंय." आईला तो आवडला. "निदान तोंडावर बोलतो," म्हणाली. मला दोघांमध्ये बसून श्वास घेता येईना. ती परसात खुर्ची टाकून बसायची, तो वाफ्यात वाकलेला. मी कामावरून आले की दोघं मिळून माझ्यात काय काय चुकतं ते एकमेकांना दुजोरा देत सांगायची.

आईचं परतीचं विमान सप्टेंबरात होतं. त्याच्या दोन दिवस आधी एकादशी. मी ठरवून टाकलं होतं, त्या सकाळी तिच्यासमोर वेल उपटायचे आणि तिला पहिलं रताळं खायला घालायचं.

एकादशीच्या तीन दिवस आधी मी ऑफिसातून आले तर वाफा बोडका. सगळे वेल कापून एका बाजूला ढीग घातलेला, माती उकरलेली. मला वाटलं, हरणं शिरली. मग बघितलं तर काप कात्रीचे होते. बेसमेंटमधल्या फर्नेसच्या खोलीच्या दाराला नवीन कडी, नवीन कुलूप. आत हीटर लावलेला, फटीतून दमट उबारा येत होता.

मी जिना चढून वर गेले. "माझी रताळी कुठायत?"

"आत. आज फ्रॉस्ट पडणार. दहा दिवस हात लावायचा नाही."

"आई चार... पाचव्या दिवशी जातेय! तुम्हाला माहितेय!"

"मग तिकीट पुढे ढकला."

"अहो, निदान चार द्या. एकादशीपुरती."

"नाही."

"पण का?"

"दहा दिवस म्हणजे दहा दिवस."

"कुलूप कशाला लावलंत?"

"तुझा भरवसा नाही."

मी ओरडले. मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते तशी ओरडले. म्हटलं, वेल माझे, घाम माझा, तुम्ही कोण? म्हटलं, तुमचा मुलगा दोन मिनिटांच्या वर बोलत नाही तो उगीच नाही. तो उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "झालं? दार लाव जाताना, थंडी येते."

एकादशीला मी वर्क फ्रॉम होम घेतलं. दुपारी दोनला तो नदीकाठी चालायला जायचा, चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. दोन दिवस मी स्क्रू-ड्रायव्हर शोधत होते. त्या दिवशी तो मला वॉशिंग मशीनवरच पडलेला मिळाला. कडीचे चार स्क्रू काढले, दार उघडलं. जाळीच्या ट्रेंवर माझी रताळी एकमेकांना न टेकता ओळीने मांडलेली होती. लाल, मातकट, तळहाताएवढी. मध्ये थर्मामीटर, बाजूला गरम पाण्याचं पातेलं. मी चार उचलली.

"कीस करू का, आई?"

"नुसती उकड. चव कळली पाहिजे."

उकडली, साल काढली, ताटलीत ठेवली. आधी मी तुकडा मोडून तोंडात टाकला. गोडीचा मागमूस नव्हता. कोरडं, पिठूळ, शाळेतला खडू चघळल्यासारखं. माझं तोंड उतरलं असणार. आई समोर बसून सावकाश खात होती. एक संपवलं, दुसरं घेतलं, तेही संपवलं. पाणी प्यायली आणि म्हणाली, "गोड आहेत."

माझ्या आईने. जिने आयुष्यात मला अर्धा मार्क जास्त दिला नाही तिने. मी सिंककडे तोंड करून भांडी घासायला लागले, कारण मला रडू फुटलं होतं. दोन दिवसांनी विमानतळावर तिने पुन्हा म्हटलं, "रताळी चांगली झाली हो तुझी."

कडी मी तशीच लोंबकळत ठेवली होती. त्याने काही विचारलं नाही. ती गेल्यावर महिन्याभराने, बाहेर पहिलं बर्फ भुरभुरत असताना, माझ्या दारावर टकटक झाली. हा हातात वाडगं घेऊन उभा. भाजलेली रताळी, सालीवर पाक सुटून काळा झालेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी रताळी छान झालीत."

छान! त्या घरात बंदी असलेला शब्द. मला वाटलं, हा चोरीवरून टोमणा मारतोय. वाटलं, आई गेली, आता गोड रताळी घेऊन मला खिजवायला आलाय, की बघ, मीच बरोबर होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाडगं घेतलं, मागच्या दाराने तशीच चपलांवर बाहेर गेले आणि त्याच्या डोळ्यांदेखत सगळं ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये उपडं केलं. रिकामं वाडगं त्याच्या हातात दिलं. तो वाडग्याकडे बघत राहिला. मग एकेक पायरी चढत वर गेला.

मेमध्ये मी छोटं घर घेतलं आणि बाहेर पडले. निरोपाला तो आला नाही. पुढच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घर विकून तो मुलाजवळ बर्नाबीला गेला असं मंडळातून कळलं. मला वाटलं, सुटले.

ह्या उन्हाळ्यात आईशी फोनवर बोलत होते. रताळ्याचे वेल दाखवत होते. आता मला सगळं येतं, मातीची डिग्री, वरंबे, प्लॅस्टिक, काढल्यावर दहा दिवस उबेला, मग महिनाभर ठेवणं, तेव्हा कुठे गोडी चढते. वेल बघता बघता आई सहज म्हणाली, "तुझा तो घरमालक मला त्या एकादशीच्या आदल्या दिवशी सांगून गेला होता."

"काय सांगून गेला होता?"

"तू ऑफिसात होतीस. खाली आला. म्हणे, तुमची मुलगी उद्या कुलूप काढणार. स्क्रू-ड्रायव्हर शोधतेय, मी मशीनवर काढून ठेवलाय, नाहीतर दार फोडेल. म्हणे, रताळी ताजी आहेत, गोड लागणार नाहीत. तुम्ही तिला खरं ते सांगा, नाहीतर ती कधी शिकणार नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, अहो, मी हिला जन्मभर खरंच सांगत आले. काय मिळालं? ही बार्शीहून उठली ती तुमच्या तळघरात येऊन राहिली. तुम्हीही खरंच सांगता ना? मग तुमचा मुलगा कुठाय?"

"असं म्हणालीस?"

"म्हणाले. तो तिथेच पायरीवर बसला. बराच वेळ बसला होता. मग गेला."

मी म्हटलं, "म्हणजे तू मला खोटं सांगितलंस."

"हो, मग? एकदा बोलले. खडू होता नुसता." आणि तिने बार्शीच्या पाण्याचा विषय काढला.

फोन ठेवल्यावर मी परसात जाऊन उभी राहिले. कुणाकुणावर चिडायचं तेच कळेना. आयुष्यात आईचा एक गोड शब्द मिळाला, त्यातही हा माणूस मध्ये होता. आणि ते वाडगं. तो टोमणा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द बोलून बघायला तो जिना उतरला होता, आणि मी त्याच्यासमोर ते कचऱ्यात ओतलं. का नाही सांगितलंस मग, माणसा? तोंड उघडून एक वाक्य बोलायला काय झालं होतं? मी रागारागाने वाफ्यातलं तण उपटत सुटले, त्यात दोन चांगले वेल गेले.

सप्टेंबरात पहिला वेल उकरला. मंडळातून नंबर मिळवून त्याच्या मुलाला मेसेज करून पत्ता मागितला. "ही'ल बी सरप्राइज्ड," मुलाने लिहिलं. आणि मी मुद्दाम, अगदी ठरवून, त्याच सकाळी काढलेली चार रताळी खोक्यात घातली. उबेला न ठेवलेली, एक दिवसही न थांबलेली. आधी त्यातलंच एक भावंड उकडून चाखलं. खडू. बघू या काय बोलतो. एक शिवी हासडेल, दहापैकी शून्य देईल, 'तीन वर्षांत शिकली नाहीस' म्हणेल. माझी तयारी होती. खरं म्हणजे तेच ऐकायचं होतं मला. तो आहे तसाच आहे म्हटल्यावर ग्रीन बिनचा हिशेब मिटला असता.

चौथ्या दिवशी फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"पोचली."

"खाल्लीत?"

"आत्ता खाल्ली. उकडून."

"मग?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मागे कोणीतरी लहान मूल पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं, चुकत होतं.

"छान आहेत," तो म्हणाला.

"गोड आहेत?"

"हो. गोड आहेत."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं ज्याने मोदकाला, मुलाला, मला कुणाला सोडलं नाही, त्याने चार कच्च्या रताळ्यांपुढे मान टाकली होती. मला त्याची इतकी चीड आली की डोळ्यांसमोरचं दिसेना.

"खोटं बोलताय तुम्ही!" मी ओरडले. "सकाळी काढून दुपारी पाठवलीत मी ती. मुद्दाम. खडू आहे नुसता. तुम्हाला कळलं नाही असं होईल का?"

मागचा पियानो थांबला होता.

"कळलं," तो म्हणाला. मग जरा थांबून, मी लहानपणी आईला विचारायचे तशा आवाजात त्याने विचारलं, "जमलं का?"